कोहिनूर: कथा किती, कागद किती, आणि वजनाचा हिशेब

गुंजमासा

या मंचावर चतुर्थीच्या चंद्राच्या धाग्यावर 'स्यमंतक मणी म्हणजेच कोहिनूर हिरा' या दाव्यावरून गाडी कोहिनूरवर गेली आणि मूळ विषय बाजूला पडला, म्हणून चर्चेचा हा वेगळा धागा.

आधी एक रेघ मारून घेऊ. १७३९ नंतरचा कोहिनूर हा इतिहास. कोणाकडून कोणाकडे, कधी आणि कशाच्या बदल्यात गेला, हे बहुतेक सगळं कागदावर आहे. १७३९ च्या आधीचा कोहिनूर हा तर्क. त्यातला काही तर्क चांगला आहे, काही निव्वळ भाबडा.

रेघेच्या अलीकडचं थोडक्यात: मे १७३९ मध्ये नादिरशहा दिल्लीची लूट घेऊन निघाला, त्यात हा हिरा होता. जून १७४७ मध्ये नादिरचा खून झाला आणि हिरा त्याच्या अफगाण सरदाराकडे, अहमदखान अब्दालीकडे आला. त्याच्यानंतर तैमूरशहा, झमानशहा, शाह शुजा. १ जून १८१३ ला लाहोरात रणजितसिंगांनी तो शुजाकडून घेतला. २९ मार्च १८४९ च्या लाहोरच्या तहातलं तिसरं कलम फक्त या हिऱ्यासाठी आहे. सही करणारे महाराज दुलीपसिंग तेव्हा दहा वर्षांचे होते. ३ जुलै १८५० ला हिरा राणी व्हिक्टोरियाला सादर झाला, १८५२ मध्ये त्याला नव्याने पैलू पाडले आणि सध्या तो १९३७ साली घडवलेल्या मुकुटात आहे.

स्यमंतकाचं म्हणाल तर ती कथा हरिवंशात, विष्णुपुराणात आणि भागवताच्या दशम स्कंधात आहे. सत्राजित, प्रसेन, सिंह, जांबवान, कृष्णावरचा चोरीचा आळ, सगळं आपल्या पाठ असतं. मणी सूर्यासारखा झळाळतो आणि रोज आठ भार सोनं देतो. शेवटी तो अक्रूराकडे राहतो. मणी हिराच होता असं त्यात कुठे नाही, आकार किंवा वजन तर नाहीच. अक्रूरापासून पुढच्या कुठल्याही ऐतिहासिक माणसापर्यंत एकही दुवा नाही. कथा म्हणून उत्तम, वंशावळ म्हणून शून्य.

दप्तरदार

वारंगळच्या भद्रकालीचंही तेच. 'मूर्तीचा डोळा होता, १३१० मध्ये अल्लाउद्दीन खिलजीचा सरदार मलिक काफूर याने काढून नेला' असं आता पाटीवर लिहिल्यासारखं सांगतात. वारंगळच्या काकतीय राजांच्या खजिन्यातून दिल्लीला अफाट जवाहीर गेलं हे खरं. पण त्यातल्या अमुक दगडाला पुढे कोहिनूर म्हणाले, हे सांगणारा समकालीन कागद नाही. शिवाय मूर्तीचा डोळा ही कल्पना हिऱ्यांच्या बाबतीत फारच सोयीची आहे. भारतातून युरोपात गेलेल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या हिऱ्याला एकोणिसाव्या शतकात कोणीतरी देवाचा डोळा करून टाकलं आहे. होप झाला, ऑर्लोव्ह झाला, हाही झाला.

आणखी एक विसंगती जवळजवळ प्रत्येक लेखात सापडते. कोहिनूर कोल्लूरच्या खाणीतला म्हणायचं आणि तोच अल्लाउद्दीन खिलजीकडे होता असंही म्हणायचं. कोल्लूर कृष्णेच्या काठी, गुंटूरच्या बाजूला. आज ती जागा पुलिचिंतला धरणाच्या पाण्याखाली आहे. टॅव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात तिथे गेला होता. त्याने लिहिलं आहे की खाण साधारण शंभर वर्षांपूर्वी सापडली: एक गरीब माणूस पेरणीसाठी जमीन खणत होता, त्याला सुमारे २५ कॅरेटचा खडा मिळाला. म्हणजे सोळाव्या शतकाचा मध्य. हे धरलं तर कोल्लूरचा दगड १५२६ मध्ये आग्र्याला बाबराकडे असू शकत नाही, १३१० मध्ये वारंगळला तर नाहीच. एकतर खाण बदला, नाहीतर खिलजी सोडा.

वाचनमात्र

बाबराचं काय मग? बाबरनाम्यात तर वजनासकट उल्लेख आहे ना?

गुंजमासा

आहे, आणि खरा खल त्यावरच व्हायला हवा. मे १५२६ ची नोंद आहे. ग्वाल्हेरचा राजा विक्रमाजित पानिपतावर इब्राहिम लोदीच्या बाजूने लढताना पडला. त्याचं कुटुंब आग्र्यात होतं. त्यांनी हुमायूनला जडजवाहीर दिलं, त्यात एक नामांकित हिरा होता. बाबर म्हणतो, हा अल्लाउद्दीनाने आणलेला असावा, वजन अंदाजे ८ मिस्काल. हुमायूनने तो बापापुढे ठेवला, बापाने त्यालाच परत दिला.

आता ८ मिस्काल म्हणजे किती? बाबरानेच हिंदुस्थानच्या वर्णनात कोष्टक दिलंय: ८ रत्ती = १ मासा, ५ मासे = १ मिस्काल, १२ मासे = १ तोळा. रत्ती म्हणजे आपली गुंज. जुन्या सराफी कोष्टकातही ८ गुंजा = १ मासा, १२ मासे = १ तोळा. तेव्हा ८ मिस्काल = ४० मासे = ३ तोळे ४ मासे = ३२० गुंजा. इथपर्यंत वाद नाही.

घोळ पुढे होतो, कारण गुंजेचं वजन सगळीकडे आणि सगळ्या काळात एक नव्हतं.

इंग्रजी आमदानीतला ११.६६ ग्रॅमचा तोळा धरला तर ३२० गुंजा = ३८.९ ग्रॅम, म्हणजे आजचे १९४ कॅरेट.
अकबराच्या रुपयावरून मासा काढला (रुपया साडेअकरा माशांचा) तर मासा जवळपास १ ग्रॅमचा येतो; ४० मासे = ४० ग्रॅम, म्हणजे २०० कॅरेट.
इराणी मिस्काल ४.६ ग्रॅमचा धरला तर ३६.८ ग्रॅम, १८४ कॅरेट.
जुना अरबी मिस्काल ४.२५ ग्रॅमचा धरला तर ३४ ग्रॅम, १७० कॅरेट.

लंडनला पोचला तेव्हा कोहिनूर १८६ १/१६ जुने कॅरेट भरला. तो कॅरेट २०५.४ मिलिग्रॅमचा, म्हणून ३८.२ ग्रॅम, आजचे १९१ कॅरेट. १७० ते २०० च्या पट्ट्यात तो बसतो. पण त्या पट्ट्यात बसणारा तो एकटाच नाही, आणि बाबराने 'अंदाजे' म्हटलंय हेही विसरू नका.

प्रिझम

एकटाच नाही याचा पुरावा क्रेमलिनमध्ये ठेवलेला आहे. ऑर्लोव्ह: १८९.६२ कॅरेट. कोहिनूरच्या जुन्या वजनापासून जेमतेम दीड कॅरेट दूर. नुसत्या वजनावर निकाल द्यायचा तर बाबराचा हिरा ऑर्लोव्ह का नाही, याचं उत्तर देता येत नाही.

याच्यातच टॅव्हर्नियेचा दुसरा घोटाळा येतो. नोव्हेंबर १६६५ मध्ये औरंगजेबाच्या जवाहिरातला सर्वांत मोठा हिरा त्याने हातात घेऊन पाहिला. तो लिहितो: गोवळकोंड्याचा सरदार मीर जुमला याने शहाजहानला दिलेला, कच्चा होता तेव्हा ९०० रत्ती, पैलू पाडल्यावर ३१९½ रत्ती, म्हणजे २७९ ९/१६ कॅरेट. पैलू पाडणारा होर्तेन्सिओ बोर्जिओ नावाचा व्हेनिसचा कारागीर. इतका माल वाया घालवला म्हणून मजुरी तर नाहीच, उलट दहा हजार रुपये दंड.

३१९½ आणि ३२०. हा आकडा पाहून १८६० मध्ये ब्रिटिश म्युझियमचे खनिजतज्ज्ञ मॅस्केलिन यांनी मांडलं की बाबराचा, टॅव्हर्नियेने पाहिलेला आणि लंडनचा हे तिन्ही एकच. टॅव्हर्नियेने रत्ती ७/८ कॅरेटची धरली, म्हणजे ०.१८ ग्रॅम, ती जवाहिऱ्यांची मोत्यांची रत्ती होती, दरबारी वजन साध्या गुंजेत असणार, असा त्यांचा मुद्दा. साध्या गुंजेने ३१९½ चे ३८.८ ग्रॅम होतात.

हिशेब सुरेख जुळतो. पण दगड जुळत नाही. टॅव्हर्नियेने अर्धं कापलेलं अंडं असावं तसा उंच, घुमटासारखा हिरा वर्णिला आणि चित्रही दिलं. कोहिनूर पसरट होता: ४.१ सेंटिमीटर लांब, ३.२६ रुंद, जाडी फक्त १.६२. उंच घुमट आहे तो ऑर्लोव्हला. म्हणून आज बहुतेक अभ्यासक टॅव्हर्नियेने पाहिलेला हा हिरा, ज्याला 'महान मुघल' म्हणतात, तो म्हणजे ऑर्लोव्ह असं धरतात, आणि मजा म्हणजे तेव्हाही रत्ती साधी गुंजच धरावी लागते, नाहीतर २८७ कॅरेटचे (२७९ ९/१६ जुने म्हणजे आजचे २८७) १९० होत नाहीत.

दप्तरदार

याला जोडून एक. 'बाबराचा हिरा फिरत फिरत गोवळकोंड्याच्या मीर जुमल्याकडे आला आणि त्याने तो शहाजहानला परत दिला' ही साखळी बऱ्याच ठिकाणी असते. मीर जुमल्याचा दगड कच्चा होता आणि ९०० रत्तींचा होता. ३२० रत्तींचा हिरा खाणीतून आल्यासारखा ९०० रत्तींचा होऊन परत येत नाही. ही साखळी तिथल्या तिथे तुटते.

भिंगारनाला

यात नगरचा भाग कोणीच सांगत नाही. हुमायून पळून इराणला गेला तेव्हा, १५४४ मध्ये, त्याने तो हिरा शाह तहमास्पला नजर केला. तहमास्पने काही वर्षांत तो अहमदनगरच्या बुरहान निजामशहाला भेट म्हणून धाडला. हे लिहिणारा खुरशाह बिन कुबाद हा निजामशहाचाच इराणच्या दरबारातला वकील होता, म्हणजे ऐकीव माणूस नव्हे. बुरहानने शिया पंथ स्वीकारला होता, इराणशी दोस्ती होती, त्यामुळे भेट येण्यात नवल नाही.

तेव्हा बाबराच्या हिऱ्याचा माग दिल्लीत संपत नाही, दख्खनेत संपतो. पुढे १६०० मध्ये नगरचा किल्ला मुघलांनी घेतला तेव्हा तो त्यांच्या हाती लागला असेल असा तर्क करता येतो. पण हा दुवा 'असेल'वरच उभा आहे.

वाचनमात्र

म्हणजे कोहिनूर बाबराचा नाही, असं म्हणायचं?

गुंजमासा

नाही. 'सिद्ध नाही' असं म्हणायचं. वजन जुळतं, पण ते दुसऱ्या हिऱ्याशीही जुळतं. मागही नगरपासून १७३९ पर्यंतच्या जवळजवळ दोनशे वर्षांत हरवतो. कोणी छातीठोकपणे हो म्हणालं तर त्याला रत्ती किती मिलिग्रॅमची धरली ते विचारा, उत्तर आलं तर पुढे बोला.

सरदेशमुखी

पगडीची गोष्ट खरी की नाही? मुहम्मदशहा रंगील्याने हिरा पगडीत लपवला, नादिरने पगडीबदल भाऊ होण्याचं निमित्त केलं, उलगडून पाहिलं आणि तोंडातून 'कोह-ए-नूर' निघालं.

दप्तरदार

नादिरच्या दिल्लीतल्या मुक्कामावर फार्सीत भरपूर समकालीन लिखाण आहे, त्यात ही गोष्ट नाही. ती ठळकपणे येते ती १८४९-५० मध्ये. डलहौसीला हिऱ्याचा इतिहास हवा होता, म्हणून दिल्लीतला तरुण अधिकारी थिओ मेटकाफ याला कामाला लावलं. त्याने शहरातल्या जुन्या जवाहिऱ्यांकडून आणि दरबारी मंडळींकडून ऐकलं ते गोळा केलं. घटनेला तोवर एकशे दहा वर्षं उलटून गेली होती. माहिती तोकडी आहे हे त्याने स्वतःच अहवालात कबूल केलं. पण छापणाऱ्यांनी कबुली गाळली आणि पगडी ठेवली.

समकालीन माणूस काय म्हणतो? नादिरचा चरित्रकार मुहम्मद काझिम मारवी १७४० च्या दशकात लिहितो की कोहिनूर मयूरासनावर, मोराच्या डोक्यावर जडवलेला होता. आसनच नादिरने नेलं. आसनात जडवलेला दगड पगडीत शोधायची गरज काय? हिऱ्याचं नाव घेऊन केलेला पहिला पक्का उल्लेख म्हणून मारवीला महत्त्व आहे, आणि गुंजमासांची १७३९ ची रेघही त्याच्यामुळेच.

सरदेशमुखी

ठीक. मग पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला अब्दालीच्या दंडावर कोहिनूर होता, हे तरी?

दप्तरदार

अब्दालीच्या मालकीचा होता, इतकंच म्हणा. त्या दिवशी दंडावर होता की छावणीत होता की कंदाहारला होता, यावर कागद नाही. दंडाची कल्पना पुढच्या दोन मालकांवरून आली असावी. १८०९ मध्ये एल्फिन्स्टन पेशावरला गेला (तोच, पुढे पेशवाई बुडाल्यावर आपल्याकडे आला तो) तेव्हा शाह शुजाच्या अंगावर त्याने कोहिनूर पाहिला. रणजितसिंग दंडावर बाजूबंदात घालत, मध्ये कोहिनूर आणि दोन बाजूंना दोन लहान हिरे.

मधला काळ जास्त चमत्कारिक आहे. झमानशहाला पकडून डोळे फोडले, त्याआधी त्याने हिरा कोठडीच्या भिंतीत खुपसला होता. पुढे तो म्हणे एका मुल्लाकडे कागदांवर वजन म्हणून ठेवलेला सापडला. भिंत बऱ्यापैकी विश्वासार्ह, मुल्ला निव्वळ बाजारगप्पा.

प्रिझम

आता १८५२ चं सविस्तर लिहितो, कारण तिथे भावनेच्या भरात फार चुकीचं लिहिलं जातं.

१ मे १८५१ ला हाइड पार्कमधलं प्रदर्शन उघडलं. कोहिनूर पिंजऱ्यात मांडलेला, गर्दी अलोट, आणि लोक निराश होऊन परतत. मग अंधारी खोली केली, गॅसचे दिवे आणि आरसे लावले, तरी जमलं नाही. दोष हिऱ्याचा नव्हता, घडणीचा होता. मुघल कारागीर वजन राखण्यासाठी कच्च्या दगडाच्या आकाराबरहुकूम पैलू पाडत. कोहिनूरला १६९ पैलू होते, पण तळ सपाट. हिऱ्यात शिरलेला किरण आतल्या पृष्ठावर लंबाशी २४.४ अंशांपेक्षा जास्त तिरपा पडला तर पूर्ण उलटतो, कमी तिरपा पडला तर पलीकडे निघून जातो. वरून सरळ आलेला किरण सपाट तळावर जवळजवळ लंब पडतो आणि खालून बाहेर जातो. म्हणून वरून पाहणाऱ्याला काचेचा तुकडा दिसतो. ब्रिलियंट घडणीत खालचे पैलू साधारण ४१ अंशांवर ठेवतात ते यासाठी: किरण दोनदा उलटून वर परत येतो.

काम सुरू करण्याआधी तपासणी झाली. प्रकाशशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांना आत सूक्ष्म पोकळ्या आणि त्यांच्याभोवती ताण दिसला. ताण असलेला हिरा तापवणं धोक्याचं, आणि त्या काळच्या पद्धतीत तापवणं अटळ होतं.

पद्धत अशी. शिसं आणि कथिल यांचं मिश्रण विस्तवावर मऊ करायचं, शंकूचा आकार द्यायचा आणि टोकाला हिरा रोवायचा. घासायची तेवढीच बाजू उघडी ठेवायची. मग पाण्यात बुडवून मिश्रण घट्ट करायचं. शंकूला तांब्याची दांडी असते, ती किंचित वाकवून कोन साधतात. आडव्या फिरणाऱ्या लोखंडी चकतीवर हिऱ्याची पूड ऑलिव्हच्या तेलात कालवून लावलेली असते, तिच्यावर दांडी वजनाने दाबून ठेवायची. एका बाजूचं काम झालं की हिरा काढायचा, मिश्रण पुन्हा तापवायचं, दुसऱ्या अंगाने रोवायचा.

बिघडतं कुठे? तीन ठिकाणी. एक, चकती कोणत्या दिशेने दगडावरून जाते. हिरा सगळ्या दिशांना सारखा कठीण नसतो. अष्टफलकाच्या (हिऱ्याच्या स्फटिकाचा आठ पृष्ठांचा नैसर्गिक आकार) पृष्ठाला समांतर घासू गेलात तर तासन् तास काही निघत नाही, उलट चकतीला चरे पडतात आणि घर्षणाने दगड तापतो. कारागीर म्हणून पैलू दोन-चार अंश तिरका घेतात. दोन, याच पृष्ठांना समांतर अशा चार दिशांना (आठ पृष्ठांच्या समोरासमोरच्या चार जोड्या) हिरा चिरतो. डाग काठाजवळ असेल आणि दाब त्या बाजूने आला तर पापुद्रा उडतो. तीन, गरम दगड थंड पाण्यात जाणं. आतली चीर असेल तर ती इथे वाढते.

गॅरार्ड हे राजघराण्याचे जवाहिरे. त्यांनी आपल्या जागेत चार अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन बसवलं आणि ॲमस्टरडॅमच्या कोस्टर पेढीतून फोर्झांगर आणि फेडर हे दोन कारागीर आणले. १७ जुलै १८५२ ला ड्यूक ऑफ वेलिंग्टनने पहिला पैलू लावला, म्हणजे दांडी धरून मान घेतला. पुढे रोज बारा तास याप्रमाणे ३८ दिवस काम चाललं. खर्च ८,००० पौंड. निघाला तो लंबगोल ब्रिलियंट, ६६ पैलू, ३.६ × ३.२ × १.३ सेंटिमीटर.

कॅरेटकर

आणि तरीही प्रिन्स अल्बर्ट खूश झाला नाही. कारण मापातच आहे. जाडी १.३, रुंदी ३.२: जाडी रुंदीच्या ४१ टक्के. चांगल्या ब्रिलियंटमध्ये ती ६० टक्क्यांच्या आसपास लागते. इतक्या पसरट दगडातून मधे प्रकाश गळतो, तिथे पारदर्शक खिडकी दिसते.

'मग ६० टक्के का नाही ठेवली?' तर मूळ जाडीच १.६२. वरचं-खालचं काही न गमावता ती पूर्ण वापरली तरी व्यास २.६-२.७ सेंटिमीटरच्या वर जात नाही. गोल ब्रिलियंटचा ढोबळ नियम लावा: व्यास (मिमी) × व्यास × जाडी × ०.००६१. २६ × २६ × १६ × ०.००६१ = ६६ कॅरेट. म्हणजे चमक पूर्ण मिळवायची तर १९१ चे ६६ होणार होते. कारागिरांनी मधला मार्ग काढला: विस्तार राखला, चमक अर्धीमुर्धी घेतली. मूर्खपणा म्हणणाऱ्यांनी हे गणित आधी करून पाहावं. माझ्या मते मूर्खपणा घासण्याच्या तंत्रात नव्हता, घासण्याच्या निर्णयात होता. होता तसा ठेवला असता तर आज मुघल घडणीचा एवढा मोठा नमुना डोळ्यांपुढे राहिला असता.

वाचनमात्र

घट नक्की किती? कुठे ४१, कुठे ४२, कुठे ४३, कुठे ४५ टक्के वाचलं.

गुंजमासा

जुने आणि नवे कॅरेट एकाच वजाबाकीत घातले की असंच होतं. मेट्रिक कॅरेट, म्हणजे २०० मिलिग्रॅमचा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आला. १८५२ चे सगळे आकडे जुन्या कॅरेटमध्ये आहेत.

१८६ (जुने) मधून १०८.९३ (नवे) वजा केलं की घट ४१ च्या पुढे येते. १८६ (जुने) आणि १०५.६ (नवे) घेतले की ४३. दोन्ही चूक, कारण एककं वेगळी.

त्यात आणखी एक पाचर. घासल्यानंतरचं वजन त्या काळी १०६ १/१६ जुने कॅरेट असं छापलं गेलं. त्याचे मेट्रिक १०८.९३ होतात आणि हा आकडा बराच काळ पुस्तकांतून फिरला. नंतर प्रत्यक्ष तोललं तर १०५.६०२ भरला, म्हणजे २१.१२ ग्रॅम. सव्वातीन कॅरेटचा फरक काही हिरा झिजून पडत नाही. छापलेला आकडाच चुकीचा होता.

तेव्हा बरोबर वजाबाकी: ३८.२ ग्रॅमपैकी २१.१२ राहिले, १७.१ गेले, घट ४४.७ टक्के. ग्रॅममध्ये करा, भानगडच नाही.

कॅरेटकर

घनतेवरूनही पडताळता येतं. हिऱ्याची घनता ३.५२. ३८.२ ग्रॅमचं आकारमान १०.८५ घन सेंटिमीटर. जुन्या मापांची पेटी ४.१ × ३.२६ × १.६२ = २१.६५. म्हणजे दगड पेटीचा अर्धा भाग भरतो. बुटक्या घुमटाला हे शोभतं. नवा: ६ घन सेंटिमीटर, पेटी जवळपास १५, भराव ४० टक्के, दोन्हीकडे निमुळत्या ब्रिलियंटला तेवढाच यायला हवा. मापं आणि वजन एकमेकांना धरून आहेत.

सरदेशमुखी

शापाबद्दल कोणी लिहिलं नाही. 'पुरुषाने घातला तर राज्य जातं, बाईला किंवा देवालाच लाभतो.' इंग्रजांनीही राण्यांच्याच मुकुटात ठेवला, हे कसं?

दप्तरदार

१३०६ च्या 'हिंदू ग्रंथातलं' म्हणून जे वचन फिरतं, त्या ग्रंथाचं नाव आजवर कोणी छापलेलं नाही. यावरून काय ते समजा. १८५० च्या आसपास हिंदुस्थानातल्या आणि लंडनच्या वर्तमानपत्रांना अपशकुनाचा मजकूर आयता मिळाला होता. ६ एप्रिलला मुंबईहून निघालेल्या मेडिया जहाजावर मॉरिशसला पटकी, मग वादळ. हिरा पोचण्याच्या सुमारास, २७ जूनला, राणीच्या डोक्यात एकाने काठी मारली. डलहौसीने त्याआधी लाहोरहून मुंबईपर्यंत हिरा कमरेच्या पट्ट्यात शिवून स्वतः आणला होता, त्याला प्रवासात काही झालं नाही, पण ते कोणाच्या स्तंभात बसत नव्हतं.

दुर्राणी (अब्दालीचं घराणं) आणि लाहोर दरबारातले खून, अंधत्व, तुरुंग यांना वारसाहक्काची भांडणं पुरेशी आहेत. ज्यांनी हिरा कधी हातातही घेतला नाही असे भाऊ आणि वजीरही तसेच मेले. रणजितसिंगांकडे तो २६ वर्षं होता. त्या काळात राज्य वाढलं आणि २७ जून १८३९ ला ते अंथरुणावर वारले. शेवटी हिरा पुरीच्या जगन्नाथाला द्यावा अशी त्यांची इच्छा होती, खजिनदार बेलीराम यांनी दिला नाही.

राण्यांचं: १९०२ अलेक्झांड्रा, १९११ मेरी, १९३७ एलिझाबेथ (नंतरच्या राजमाता), तिघी राजांच्या पत्नी. व्हिक्टोरियाने तो दागिना म्हणून स्वतः वापरला, त्यामुळे तो राण्यांच्या दागिन्यांत गेला आणि तिथेच राहिला. २०२३ मध्ये कॅमिला यांनी मेरींचा मुकुट घेतला, त्यात कोहिनूर नव्हता. ते शापापेक्षा राजकारणाला भिऊन.

अडकित्ता

भारताला परत मिळणार का, यावर इथे दहा पानं नकोत, पण एक नोंद हवी. एप्रिल २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सरकारी वकिलांनी हिरा चोरलेला किंवा जबरदस्तीने नेलेला नाही अशी भूमिका मांडली, लगेच संस्कृती मंत्रालयाने ती सरकारची अंतिम भूमिका नसल्याचं सांगितलं. पाकिस्ताननेही १९७६ मध्ये मागितला आहे. 'भेट' म्हणणाऱ्यांनी तहाचं तिसरं कलम वाचावं. त्यात महाराजांनी हिरा राणीच्या स्वाधीन करावा असं आहे, भेटीची भाषा नाही.

भिंगारनाला

अवांतर: घटीचाच हिशेब चाललाय तर नाशिकचा हिरा आठवा. त्र्यंबकेश्वराचा, १८१८ मध्ये पेशवाईबरोबर इंग्रजांकडे गेला. तिथे गेला तेव्हा जवळपास ९० कॅरेट. रंडेल अँड ब्रिज पेढीने मूळ आकार सांभाळून घासला, ८० च्या आसपास राहिला. १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने पुन्हा घासला, ४३.३८. निम्म्याहून कमी. आज कोणी तो वजनावरून ओळखायला गेला तर त्र्यंबकचा म्हणून सापडणारच नाही.

वाचनमात्र

मग १८५२ च्या आधीचा कोहिनूर कसा होता ते आता कुठे पाहायला मिळेल?

प्रिझम

दोन ठिकाणी. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमकडे घासण्यापूर्वी घेतलेला प्लास्टरचा साचा आहे. अलीकडच्या काळात त्यावरून मोजमापं घेऊन जुन्या घडणीची हुबेहूब प्रतिकृती केली गेली.

दुसरी वस्तू जास्त बोलकी. रणजितसिंगांचा मीनाकारीचा बाजूबंद ब्रिटिश राजसंग्रहात आहे. हिरे काढून घेतल्यावर त्यात जुन्याच आकाराचे स्फटिकाचे तुकडे बसवले. स्फटिकाचा वक्रीभवनांक १.५४, हिऱ्याचा २.४२, त्यामुळे तेजाचा अंदाज त्यावरून बांधू नका. आकार मात्र नीट बघा: मधला तुकडा बाजूबंदाच्या पट्टीच्या मानाने केवढा रुंद आहे आणि वर किती कमी उठलाय. टॅव्हर्नियेचं अर्धं अंडं आणि हा दगड एक असू शकत नाहीत, हे तिथे कोष्टकाशिवाय दिसतं.